ढीग अ, ढीग ब आणि शिवणाच्या बाई

शिवणाच्या बाईंना वाकडं बघवत नसे. हा त्यांचा गुण की दोष, यावर शाळेत दोन मतं होती, आणि दोन्ही मतांची माणसं आपापल्या बाह्या बाईंकडूनच नीट करून घेत. दुसऱ्याच्या घरी गेल्या की पाण्याचा पेला हातात येण्याआधी भिंतीवरची तसबीर सरळ झालेली असे. दुकानाची पाटी कललेली दिसली तर त्या आत जात, दुकानदाराला तसं सांगत आणि काही विकत न घेता बाहेर येत. त्यांचं लग्नसुद्धा अशाच एका फेरीतून जमलं. मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला त्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेल्या होत्या. भिंतीवर टांगलेल्या घड्याळांकडे बघून म्हणाल्या, "ही सगळी वाकडी आहेत."

डोळ्याला भिंग लावून बसलेला तरुण मान वर न करता म्हणाला, "वेळही चुकीची दाखवतात. त्याबद्दल तुमची काही तक्रार दिसत नाही."

पुढच्या आठवड्यात, पट्टा नीट बसला नाही अशी तक्रार घेऊन त्या परत गेल्या. पट्टा उत्तम बसला होता.

मुलं पाठीमागे त्यांना 'इंचपट्टी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि नाव मापात बसणारं असल्यामुळे त्यांनी ते चालवून घेतलं होतं. त्यांचा सगळा जीव शिवणाच्या खोलीत. खोलीत एक लांब टेबल, काळी मशीनं, खिळ्यांना अडकवलेले खाकी कागदाचे बेत, म्हणजे कापड कापायचे नमुने, आणि भिंतीवर एक फळी. फळीवर प्रत्येक कात्रीची आकृती काढलेली होती, म्हणजे कात्री जागेवर नसली तर तिची नुसती बाह्यरेषा दिसे आणि बाई त्या रेषेकडे बघत वर्गात उभ्या राहत, कात्री परत येईपर्यंत. एक मात्र खरं. बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुलाची शिवण उसवत नसे. याचं कारण थोडं लाजिरवाणं होतं. मुलांनी घातलेली टीप बाई मधल्या सुट्टीत उसवून पुन्हा स्वतः घालत. मुलं गुण घेऊन जात, बाई समाधान घेऊन जात आणि तक्रार कोणाचीच नसे.

अशा बाईंकडे बाग आली ती एका मीटिंगमध्ये. वरून पत्रक आलं होतं की प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली सेंद्रिय बाग आणि खतप्रकल्प असावा. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, ते वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि "जबाबदारी कोण घेणार?" असं विचारलं. विज्ञानाच्या सरांना आपली पाठदुखी आठवली. खेळाच्या सरांनी खिडकीतून मैदान अजून जागेवर आहे ना ते बघितलं. बाकीच्यांनी आपापल्या चपला न्याहाळल्या. शिवणाच्या बाई तेवढ्या मोठ्या बाईंच्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या, कारण ते डावीकडे कललं होतं. खोलीत वर असलेली मान ती एकच.

जागा मिळाली प्रयोगशाळेच्या मागची, मोडक्या बाकांच्या ढिगाची. त्या जागेवर मोठ्या बाईंचा आधीपासून डोळा होता. शिक्षकांच्या गाड्या दिवसभर उन्हात तापत, त्यांच्यासाठी तिथे शेड टाकायची होती. पत्रकापुढे त्यांचा नाइलाज झाला, पण त्यांनी अट घातली. सत्र संपताना संस्थेचे अध्यक्ष शाळा बघायला येतील. त्या दिवशी बाग बघण्यासारखी असली तर राहील. वास आला तर शेड.

"कचरा म्हटला की थोडा वास…" बाई म्हणायला गेल्या.

"थोडा वास आला तर थोडी शेड टाकता येत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

मग बाई कामाला लागल्या, आणि इथेच सगळं बिनसलं. कारण पत्रकात 'विद्यार्थ्यांनी चालवलेली' असं लिहिलं होतं, आणि बाईंनी ते मुलांनी घातलेली टीप बघावी तसं वाचलं, म्हणजे मागून आपण नीट करायची अशी. त्यांनी वाफ्यांवर दोरे ताणले. दोन रोपांमधलं अंतर पट्टीने मोजून घेतलं. मुलांनी बिया टोचल्या की बाई शाळा सुटल्यावर त्या उकरून रांगेत आणत. मुळे उगवले ते धावदोरा घातल्यासारखे. येणारे-जाणारे शिक्षक थांबून बघत. विज्ञानाचे सर तर म्हणाले, "एवढी सरळ भाजी मी आजवर फक्त पुस्तकात बघितली आहे." हे कौतुक आहे असं बाईंनी धरलं. मुलं मात्र हळूहळू कमी झाली. उरली ती तास बुडतो म्हणून येणारी, आणि एक मुकादम.

मुकादम म्हणजे नववीतली एक किडकिडीत मुलगी. घरी पाठच्या भावंडांची रांग होती, त्यामुळे आवाज न चढवता काम कसं करून घ्यायचं हे तिला चालायला लागल्यापासून येत होतं. तिला मुकादम हे नाव वर्गाने ठेवलं होतं आणि तिने ते पदवीसारखं घेतलं होतं. एक दिवस ती शिवणाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"राग येणार नाही ना?"

"ते विचारल्यावर कळेल."

"ही बाग कोणाची?"

"तुमची. पत्रकात तसंच आहे."

"मग काल आम्ही लावलेली टोमॅटोची रोपं आज दुसऱ्या जागी कशी गेली?"

बाईंनी क्षणभर हातातल्या कापडाकडे बघितलं. "ती वाकडी लागली होती."

"हो," मुकादम म्हणाली. "आम्ही लावली होती ना."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा असता तर बाईंना सोपं गेलं असतं. उद्धटपणाला त्यांच्याकडे उत्तर होतं. तो जुना माल होता. पण ही पोर माप सांगावं तसं सांगत होती. बाईंनी विचारलं, मग काय करायचं म्हणतेस. त्यावर मुकादमने जे सांगितलं ते तिने बहुधा घरून पाठ करून आणलं होतं. दर शनिवारी सभा भरेल. बागेतलं सगळं तिथे ठरेल. प्रत्येकाला एक मत, बाईंनाही एक. आणि ठरल्यावर कोणी मागून हात लावायचा नाही.

"कोणी म्हणजे?"

"कोणीही," मुकादम म्हणाली, आणि फळीवरच्या कात्र्यांकडे बघत राहिली.

बाई हो म्हणाल्या. थोड्या अभिमानापोटी, आणि बऱ्याचशा या खात्रीने की हे फार दिवस टिकणार नाही.

ते टिकलं. बाग वाकडी झाली आणि भरली. घेवड्याचा वेल काठीवर चढायचा सोडून कुंपणावर गेला, पालक जिथे सांडला तिथे उगवला, आणि मधल्या सुट्टीत मुलं धक्काबुक्की करायची ती झाऱ्यांसाठी. सभेत भांडणं होत. सातवीतला एक चष्मेवाला मुलगा प्रत्येक गोष्टीवर "पण कशावरून?" असं विचारत असे. त्याला सगळे शंकासुर म्हणत. त्याच्यामुळे सभा लांबत, पण ठरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी मोडत नसे, कारण मोडण्यासारखं सगळं त्याने आधीच मोडून बघितलेलं असे. बाई मागच्या बाकावर बसून आपलं एक मत देत आणि बहुतेक वेळा हरत. घरी जाऊन सांगत, "आज पुन्हा पडले."

"लागलं का?" त्यांचे यजमान, घड्याळवाले, विचारत.

खताचा ढीगही मुलांनी रचला. शाळेच्या उपाहारगृहातली भाजीची सालं, फळांची टरफलं असा ओला कचरा, त्यावर कुंपणाजवळच्या झाडांचा सुका पाला, पुन्हा ओलं, पुन्हा सुकं. अधूनमधून दाताळ्याने वरखाली करायचं. पाला नीट पडला की ढीग आतून तापतो, वास येत नाही आणि शेवटी काळी भुसभुशीत माती हातात येते. पाला पोत्यांत भरून आणायचं काम सातवीकडे होतं आणि सातवी त्याबद्दल दर शनिवारी रडत होती.

मग एका शनिवारी घड्याळवाल्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं आणि बाईंची सभा चुकली. सोमवारी त्या बागेत गेल्या तर एका ढिगाचे दोन झालेले. दोन्हींपुढे पाट्या, एकावर 'अ', दुसऱ्यावर 'ब'. 'अ' नेहमीसारखा होता. 'ब'वर पाल्याचं पानसुद्धा नव्हतं. नुसती सालं, ओलीकच्च, आणि वर माश्यांची सभा भरलेली.

मुकादम झारी घेऊन घाईत चालली होती. बाईंनी विचारलं, "त्या दुसऱ्या ढिगाला पाला घालायचा राहिला का गं?"

"असू दे बाई, ते आमच्या लक्षात आहे."

मूल 'लक्षात आहे' म्हणालं की शिक्षकाला जे ऐकू येतं तेच बाईंना ऐकू आलं. म्हणजे, विसरलं. त्या दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी वास प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत आला. अध्यक्षांची भेट जवळ आली होती, आणि मोठ्या बाई त्या बाजूने जाताना आता जमिनीकडे बघत चालू लागल्या होत्या. शेडचे खांब कुठे येतील ते त्या मनात रोवत होत्या, याबद्दल बाईंना शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लवकर निघाल्या. घड्याळवाले एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसले होते.

"शाळा भरायला वेळ आहे अजून."

"शिवणाची खोली आवरायची आहे."

"जुनी चप्पल घालून?"

"अहो, तुम्हाला डोळ्यांना विश्रांती घ्यायला सांगितली आहे ना?"

"एकाच डोळ्याला सांगितली आहे," ते म्हणाले.

बाईंनी कपाटातले जुने खाकी बेत काढले, फ्रॉकचे, झबल्यांचे, कोणीच आता न शिवणाऱ्या कपड्यांचे. कात्रीने त्यांच्या पट्ट्या केल्या. पाला नसला तर सुका कागद चालतो, हे मुलांच्याच सभेत त्यांनी ऐकलं होतं. मग त्या प्रयोगशाळेच्या मागे गेल्या, दाताळ्याने 'ब' पोखरला, पट्ट्या आत कालवल्या, वर पुन्हा होती तशी सालं पसरली आणि हात धुऊन प्रार्थनेला उभ्या राहिल्या. तो आठवडा आणि पुढचाही असाच गेला, मधल्या सभेत 'ब'चा विषय निघाला नाही. शाळेत इतक्या लवकर येणारा शिपाई एकटा. त्याला मुलं मामा म्हणत आणि बाईही. मामांनी बघितलं आणि काही विचारलं नाही. शाळेत टिकायचं तर काय विचारू नये हे मामांना अचूक माहीत होतं.

'ब'चा वास गेला. ढीग कोमट झाला. बाईंना बरं वाटलं. जुनं, ओळखीचं समाधान, टीप उसवून पुन्हा घातल्यावर मिळतं ते.

मग त्यानंतरच्या शनिवारी सभेत शंकासुर उभा राहिला. त्याने एकदा चष्मा पुसला, त्याअर्थी गोष्ट मोठी होती.

"आपण 'ब' ढिगाला मुद्दाम पाला घातला नव्हता," तो म्हणाला. "पाल्याने काय फरक पडतो ते बघायला. तर फरक पडत नाही. सुरुवातीला वास येतो, मग आपोआप जातो. आपोआप तापतोसुद्धा. म्हणजे पाला गोळा करायचं काही काम नाही. आपल्याला उगीच सांगितलं होतं."

सातवीने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पाल्याचं रिकामं पोतं हवेत उडवलं.

मागच्या बाकावर शिवणाच्या बाई मात्र आहेत तिथे थिजल्या. मुद्दाम. पोरांनी मुद्दाम ठेवला होता. त्या ढिगाचा कोणाला विसर पडलेला नव्हता. तो प्रश्न होता आणि बाईंनी जाऊन त्याचं उत्तर खोडून ठेवलं होतं. आणि आता ही सगळी शहाणी पोरं एक धडधडीत खोटी गोष्ट शिकून घरी जाणार होती, तीही स्वतःच्या डोळ्यांनी बघून. बाईंच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मुलं पुष्कळ काही न शिकता गेली होती. पण त्यांच्यामुळे चुकीचं शिकून कोणी गेलं नव्हतं.

त्या उठल्या. "मला काही सांगायचं आहे," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मुकादम म्हणाली, "मला पण एक दाखवायचंय."

तिच्या हाताला कोपरापर्यंत माती होती. तिने टेबलावर खाकी कागदाची एक पट्टी ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. ओल्या, काळपट, पण पट्ट्याच. "आपोआप हा शब्द मला पटला नाही," ती म्हणाली, "म्हणून 'ब'मध्ये हात घातला."

शंकासुराने कंपासपेटीतून पट्टी काढून त्यांवर लावली. तिन्ही बरोबर एक इंच. काठाला कुठे दात नाही, कुठे तिरका काप नाही. कचऱ्यात घालायचा कागद इतका सरळ कापणारं माणूस त्या शाळेत कोण, हे विचारायची कोणालाच गरज पडली नाही. सगळी सभा मागच्या बाकाकडे वळली.

बाई उभ्याच होत्या. "मीच," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही विसरलात."

"तुम्ही विचारलं होतं, बाई," मुकादम म्हणाली. "मी सांगितलं होतं लक्षात आहे."

"हो. मला ते खरं वाटलं नाही."

सातवीतल्या ज्या मुलाने पोतं उडवलं होतं त्याने ते जाऊन उचललं आणि घडी घालून ठेवलं.

मग सभेने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, 'ब' मोडून पुन्हा नव्याने रचायचा, पाल्याशिवाय. बाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, माझी चूक आहे ती आहे, पण जरा पुढचं बघा. आत्ता रचलात तर अध्यक्ष येतील त्या दिवशी त्याचा वास ऐन भरात असेल. ते येऊन जाऊ देत, मग रचा.

"मग त्यांना दाखवायचं काय?" शंकासुराने विचारलं.

"'अ' दाखवा. छान आहे 'अ'."

"छान आहे कशावरून? 'ब' शेजारी नसला तर कळणार कसं?"

"बाळा, तुझं बरोबर आहे, पण जागाच गेली तर 'अ' पण जाईल आणि 'ब' पण."

जागा जाऊ शकते हे सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या बाईंची अट शाळेत कोणापासून लपलेली नव्हती. मुकादमने बराच वेळ टेबलावरच्या पट्ट्या बोटाने सरकवल्या.

"बाई, तुम्हीच आम्हाला पाचवीत सांगितलंय," ती म्हणाली. "उलट बाजू बघितल्याशिवाय शिवण कळत नाही. म्हणायचात, सुलट बाजू कोणीही छान दाखवतं."

बाईंनी हे सांगितलं होतं. दर वर्षी पाचवीला सांगत होत्या, हातातल्या पट्टीने टेबलावर टकटक करत. मुलं ते ऐकतात असा त्यांचा कधीच समज नव्हता.

मतं पडली. विरोधात एक.

दुसरी गोष्ट होती शिक्षेची. मागून हात लावला तर काय, हे आधी ठरलेलं नव्हतं, कारण कोणी लावेल असं वाटलं नव्हतं. शंकासुराने सुचवलं की बाईंनी सत्र संपेपर्यंत ढिगांच्या बाजूला यायचं नाही आणि रोज झाऱ्या धुवायच्या. झाऱ्या धुणं हे बागेतलं सगळ्यात नकोसं काम होतं. हे मात्र एकमताने झालं. बाईंचंही मत त्यात होतं.

घरी घड्याळवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. पट्टी निघालेल्या डोळ्याने आणि पट्टी न लागलेल्या डोळ्यानेही, असं म्हणायला हरकत नाही, कारण ते मधूनमधून दोन्ही मिटून हसत होते.

"शिक्षा झाली म्हणता?"

"झाली."

"एवढी वर्षं मी प्रयत्न करत होतो. मला वाटलं नव्हतं की सातवीतली पोरं लागतील."

"अहो, जागा जाणार आहे ती," बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत जाणार आहे. एक पोतं पाला टाकला तर वाचेल, आणि मला टाकता येत नाही."

घड्याळवाले हसायचे थांबले. "मग काय करणार?"

"झाऱ्या धुणार," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष येणार त्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटली, मुलं गेली आणि बाई नळाशी झाऱ्या घासत राहिल्या. वारा ढिगांकडून होता. 'ब'ने आपलं काम चोख केलं होतं. वास असा होता की तो येत नव्हता, उभा होता. आणि 'ब'पासून हाताच्या अंतरावर सातवीने भरून ठेवलेलं पाल्याचं पोतं होतं, तोंड उघडं. उद्या सगळं दाखवून झालं की टाकायचं म्हणून ठेवलेलं.

मामा खोल्यांना कुलपं लावत तिथवर आले. त्यांनी नाकाला गमछा लावला, ढिगाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं.

"बाई, मी टाकू का थोडा?" ते म्हणाले. "तुमचं नाव येणार नाही. माझा काप कोणी ओळखत नाही."

बाईंच्या हातातला काथ्या थांबला. एवढा सोपा प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता. 'हो' म्हणायचं, घरी जायचं. उद्या वास नाही, शेड नाही, बाग तशीच. पोरांना वाटेल वारा फिरला. नाही, पोरांना असं वाटणार नाही. मुकादम हात घालून बघेल. आणि तिने नाही घातला, पहिल्यांदाच तिने विश्वास ठेवला, तर ते आणखी वाईट.

"नको मामा," त्या म्हणाल्या. "वास त्यांचा आहे."

"वास कोणाचा असतो का बाई?"

"हा आहे."

मामांनी मान हलवली, शिकलेल्या माणसांबद्दलचं आपलं मत आणखी थोडं पक्कं केलं आणि गेले. बाईंनी झाऱ्या पालथ्या घातल्या. लहानमोठ्या क्रमाने, चोची एका दिशेला. एवढ्याला सभेची मनाई नव्हती.

अध्यक्ष दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. जाडजूड, सावकाश चालणारे गृहस्थ. वर्षभरात ते अनेक शाळा बघत आणि सगळ्या उत्तम असत, कारण ते येणार हे आधी कळलेलं असे. मोठ्या बाईंनी त्यांना बागेत आणताना वाटेतच वारा ओळखला. चेहऱ्यावर काही न दाखवता त्या म्हणाल्या, "साहेब, बाग या बाजूने बघू. पलीकडे काही नाही." शेड हवी असली तरी अध्यक्षांसमोर शाळेत वास यावा असं मोठ्या बाईंनाही वाटत नव्हतं, शेड त्यांना वासाच्या अफवेवर हवी होती.

मुकादम वाटेत उभी होती. वेण्या घट्ट, हात मागे.

"साहेब, आधी तिकडे," ती म्हणाली. "उलट बाजू आधी बघा."

अध्यक्ष थांबले. मोठ्या बाईंनी रुमाल काढला. शिवणाच्या बाई नळाशी होत्या, ठरल्याप्रमाणे. तिथून त्यांना सगळं दिसत होतं आणि काहीही करता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली एकमेकांत अडकवून ठेवले.

'ब'जवळ गेल्यावर अध्यक्षांनी एक पाऊल मागे घेतलं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"हे काय आहे?"

"हा आम्ही बिघडवलाय," शंकासुर म्हणाला. "मुद्दाम. पाला घातला नाही तर काय होतं ते बघायला. आता याच्यात हात घाला." त्याने 'अ'कडे बोट केलं.

"हात?"

"घड्याळ काढून."

मोठ्या बाईंच्या रुमालाखालून एक आवाज आला. अध्यक्षांनी मुलाकडे बघितलं, मग घड्याळ काढून मोठ्या बाईंच्या हातात दिलं आणि बाही सरकवून 'अ'मध्ये हात घातला. "गरम आहे," ते म्हणाले.

"वास बघा हाताचा."

त्यांनी बघितला. पुन्हा बघितला. शाळांमध्ये आजवर त्यांना पुष्कळ चांगलं दाखवलं गेलं होतं. बिघडलेलं कोणी दाखवलं नव्हतं, आणि बिघडवलेलं तर नाहीच. ते दोन्ही ढिगांच्या मधे उभे राहून एकदा इकडे एकदा तिकडे बघू लागले, लहान मूल बघतं तसं.

"पहिल्यांदाच जमलं का हे?"

"नाही," मुकादम म्हणाली. "पहिल्यांदा उत्तर चुकलं. कोणीतरी मधेच 'ब'मध्ये सुका कागद घातला होता. म्हणून मोडून परत रचला."

"कोणी घातला?"

मोठ्या बाईंची नजर बागभर फिरली. सातवीची रांग आपल्या बुटांकडे बघू लागली. नळाशी शिवणाच्या बाईंनी हात सोडवले आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"आमच्यातल्याच एका सभासदाने," मुकादम म्हणाली. आवाज तोच, माप सांगतानाचा. "शिक्षा झाली त्याची. ते मिटलं."

बाई होत्या तिथे थांबल्या. आदर्श शिक्षकाचं एक प्रशस्तिपत्र त्यांच्या घरी भिंतीवर होतं, अर्थात सरळ टांगलेलं. ते स्वीकारताना त्यांना असं काही झालं नव्हतं.

"याचा वास किती दिवस राहणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"आज पाला घालणार," शंकासुर म्हणाला. "तुमचं बघायचं राहिलं होतं म्हणून ठेवला होता."

अध्यक्ष घड्याळ बांधत मोठ्या बाईंना म्हणाले, "त्या गाड्यांच्या शेडचं तुम्ही म्हणत होतात ना?"

"हो साहेब. म्हणजे, तशी घाई…"

"गाड्यांना ऊन लागू द्या," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांना नळाशी उभ्या असलेल्या बाई दिसल्या. "या प्रकल्पाच्या प्रमुख तुम्ही?"

"नाही," शिवणाच्या बाई म्हणाल्या. "मी झाऱ्या धुते."

हे सांगताना त्यांची मान जितकी वर होती तितकी ती कॅलेंडरकडे बघतानाही नव्हती.

पाहुणे गेले. मधली सुट्टी झाली आणि सातवीने 'ब'वर पाला ओतला. सगळं पोतं एका बाजूला रिकामं झालं. ढीग डावीकडे कलला, चांगला नजरेत भरेल इतका. मुकादमने लांबून बघितलं, मग नळाकडे बघितलं. बाईंनी तिच्याकडे पाठ केली आणि पुढची झारी उचलली.

संध्याकाळी घड्याळवाल्यांनी दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत विचारलं, "मग? राहिली जागा?"

"राहिली."

"आणि ढीग?"

"वाकडा," बाई म्हणाल्या. त्यांनी हाताने कोन करून दाखवला, आणि मग तो कमी पडतो असं वाटून आणखी थोडा कलवला. "इतका वाकडा रचलाय कार्ट्यांनी. उद्या या बघायला."